दुसऱ्या डोळ्याची बाहुली

१

म्युझियमच्या मागच्या अंगाला, जिथं रंगाचे रिकामे डबे आणि मोडक्या खुर्च्या टाकलेल्या असतात, तिथं एक लांबट खोली आहे. दारावर पाटी नाही. अख्खं म्युझियम तिला 'डोळ्यांची खोली' म्हणतं. नवा शिपाई आला की जुने शिपाई त्याला मुद्दाम एकट्याला तिकडं निरोप घेऊन पाठवतात. तो आधी दचकतो, मग ओशाळून हसतो आणि आठवड्याभरात स्वतःच पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघायला लागतो.

त्या खोलीत सासू-सुना बसून जनावरांचे डोळे करायच्या. पेंढा भरायचं काम दुसरीकडं चालायचं. काचेच्या पेट्या सुनेचा नवरा बनवायचा, तो तिथला सुतार. पण वाघ असो नाहीतर वटवाघूळ, पेटीत बसल्यावर ते आपल्याकडं बघतंय असं तुम्हाला वाटलं, तर ती करामत या खोलीची.

आणि सासूबाईंचा हात! काय सांगावं त्या हाताचं! एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं सपाट अशी काच घ्यायची आणि सपाट बाजूवर चार केसांच्या ब्रशनं उलटीकडून रंगवत यायचं. आधी बुबुळाच्या रेघा, मग त्यावर पातळ रंग, मग कडा. मधली बाहुली, म्हणजे तो काळा ठिपका, सगळ्यात शेवटी. तोवर तिथं नुसती आरपार काच. शेवटी काळ्या रंगाचा एक थेंब मधोमध सोडायचा. तो थेंब पडला की हातातली वस्तू एकदम 'कुणाचीतरी' व्हायची. बाईंना हे काम करताना बघायला परदेशातले लोक यायचे आणि चहा निवला तरी कप खाली ठेवायचे नाहीत.

जीव गेला की जनावराच्या डोळ्याचा रंग आधी जातो. कातडी टिकते, पिसं टिकतात, डोळा नाही. म्हणून जनावर जिवंत आहे तोवरच त्याच्यासमोर बसून डोळे रंगवायचे आणि कपाटाच्या उथळ कप्प्यांमध्ये कापसावर ठेवून द्यायचे, ही तिथली रीत. या देशात जीव तरी किती! एका झाडावर सापडतील तेवढे किडे दुसऱ्या एखाद्या अख्ख्या देशात नसतील. त्यामुळं कपाटं भिंतभर होती.

सासूबाईंची मात्र त्यातही एक वेगळी खोड होती. जोडीतला पहिला डोळा त्या पुरा करायच्या. दुसऱ्याची बाहुली कोरीच ठेवायच्या.

"आहे ना तो अजून बाहेर कुठंतरी? मग राहू दे," म्हणायच्या.

"पण का हो आई?" नवी नवरी असताना सुनेनं विचारलं होतं.

"तुझे सासरे चहात साखर टाकून न ढवळताच प्यायचे. का, ते विचारलं का मी कधी? माणसाच्या सवयी असतात."

मग कधीतरी वरच्या ऑफिसातून निरोप यायचा, की अमुक एक जनावर आता कुठंच दिसत नाही, लोकांनी सगळीकडं शोधलं. त्या दिवशी बाई तो कप्पा उघडायच्या, कोरी बाहुली भरायच्या, ब्रश धुवायच्या आणि घरी जाऊन कुणाशी बोलायच्या नाहीत. सून नवीन होती तेव्हा असा दिवस क्वचित यायचा. अलीकडं एक निरोप जुना होतोय न होतोय तोच दुसरा येऊन धडकायचा.

२

आणि डोळ्यांच्या या बाईंना मोतीबिंदू झाला. पिकायला आला तरी पठ्ठीनं कुणाला कळू दिलं नव्हतं. अंदाजानं रेघा ओढायची, आणि त्याही बरोबर यायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी चहाच्या कपात ब्रश बुडवला, तेव्हा लेकानं उचलून डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं ठरली. विश्रांतीसाठी त्या लेकीकडं गेल्या. जाताना सुनेला एवढंच म्हणाल्या, "खिडकीतल्या वाटीत पाणी घालत जा. आणि कप्प्यांना हात लावू नकोस."

आता सांगा, कप्प्यांना हात लावू नको म्हटल्यावर कोणती सून लावणार नाही? पण तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. धूळ फार होती, एवढंच.

खिडकीतल्या वाटीवर रोज सकाळी एक पाखरू यायचं. अंगठ्याएवढं, पोपटी, गळ्याशी निळी रेघ. सासूबाई त्याला 'चिटुकली' म्हणायच्या. आधी काचेवर टकटक करायची, मग पाणी प्यायची, जशी काही परवानगीच मागतेय. सुनेनं वाटी भरली, चिटुकली पिऊन गेली, आणि सून कप्पे पुसायला लागली.

चिटुकलीचाच कप्पा होता. दोन डोळे, मोहरीपेक्षा जरा मोठे. तिनं कोऱ्या बाहुलीचा डोळा चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला. धूळ आहे का, एवढंच बघायचं होतं.

बाहुलीच्या जागी हिरवं दिसलं.

आरपार काच आहे म्हटल्यावर मागचं दिसणार, त्यात काय मोठंसं? पण मागं पांढरा कागद होता. खिडकीतलं झाड असेल, तिनं मनाशी म्हटलं. मग आठवलं, की या खिडकीसमोर झाडच नाही, विटांची भिंत आहे. काच फुगीर आहे, कुठलातरी उजेड कुठूनतरी वळून येत असेल. ते हिरवं जरा हललं. वारा सुटल्यावर पानं हलतात ना, तसं. मग एकदम सगळं बाजूला सरकलं आणि आभाळ आलं.

तिनं डोळा कापसावर ठेवला, हात पुसले आणि थोडा वेळ दारात जाऊन उभी राहिली. भिंगात बघून बघून डोळे शिणतात. सासूबाईंचे गेले, आता आपले जाणार, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. तो कप्पा मात्र तिनं लावून टाकला.

३

म्युझियमचे साहेब त्याच दुपारी आले. माणूस भला होता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं तुम्ही त्यांना शिव्या घालाल. जंगलं वाचावीत म्हणून मंत्र्यांपासून शाळांपर्यंत सगळीकडं हिंडून त्यांच्या चपला झिजल्या होत्या. त्यांना नवं दालन उघडायचं होतं. गेलेल्या जीवांचं नाही, तसलं एक होतंच आणि ते भरत आलं होतं. हे होतं जाण्याच्या बेतात असलेल्यांचं.

"लोकांना कळतच नाही हो, आपण काय घालवून बसणार आहोत ते," साहेब म्हणाले. "डोंगर फोडून रस्ता झाला, दलदल बुजवून इमारती झाल्या, शेतात औषध मारलं. कुणाला काही दिसत नाही, कारण जे गेलं त्याचा चेहराच कुणी बघितलेला नाही. मला त्यांना चेहरे दाखवायचेत. पेंढा भरून झालाय, पेट्या तुमच्या मिस्टरांनी केल्यात. डोळे तेवढे बाकी आहेत."

"दुसऱ्या डोळ्याची बाहुली आई भरत नाहीत, जिवंत असेपर्यंत."

"माहीत आहे मला. मोठ्या कलावंत आहेत त्या, त्यांचं सगळं चालतं," साहेब हसले. "पण त्यांना बरं वाटायला महिना जाईल. आणि तुमचा हात मी बघितलाय. दालनाच्या पाटीवर या वेळी तुमचं नाव यायला हवं."

आता खोटं कशाला बोला! ते वाक्य सुनेच्या काळजाला गुदगुल्या करून गेलं. इतकी वर्षं ती रेघा ओढत होती, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "या कोण? मदतनीस का?" सासूबाईंवर तिचा जीव होता, देवासारखं मानायची त्यांना. पण देवाच्या शेजारी बसून बसून माणसाला कधीतरी वाटतंच ना, की आपल्यालाही कुणी बघावं!

साहेबांनी सुरुवातीला दोन जोड्या मागितल्या. एक दलदलीतल्या बेडकाची आणि एक चिटुकलीची.

बेडकाची बाहुली आडवी असते, झोपलेल्या फटीसारखी. भरायला महाकठीण. सुनेनं श्वास रोखला आणि ब्रश एकदाच फिरवला. कडेला केसाइतकंही सांडलं नाही. मग चिटुकलीचा थेंब टाकला, तोही नेमका मधोमध. कोऱ्या बाहुलीतून बघायचं मात्र तिनं टाळलं, हेही खरं.

"वा!" साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "जिवंत आहेत हो."

४

म्युझियमच्या बागेत एक हौद आहे. तिन्हीसांजेला त्यात त्याच जातीचे बेडूक इतके ओरडायचे, की तिकिटाच्या खिडकीवरची बाई वैतागून आपली खिडकी लावून घ्यायची. त्या संध्याकाळी सून नवऱ्याबरोबर घरी निघाली तेव्हा तिकिटाची खिडकी उघडी होती.

"आज शांतता आहे," नवरा म्हणाला.

"हौद धुतला असेल."

"कुणी? मी इथंच आहे सकाळपासून."

बेडूक काय घड्याळ लावून ओरडतात का? उद्या ओरडतील.

सकाळी तिनं वाटी भरली आणि कामाला बसली. टकटक झाली नाही. ती मान वर करून खिडकीकडं बघायची, परत खाली घालायची. दुपारपर्यंत वाटीतल्या पाण्यावर धुळीचा पातळ थर आला. पाखरं जागा बदलतात, पलीकडच्या बंगल्यात नळ गळत असेल, तिथं जात असेल. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. तिनंही तीन-चार शोधून ठेवली आणि आलटून पालटून वापरली.

मग साहेब आले, जरा पडलेल्या चेहऱ्यानं.

"विचित्रच आहे," ते म्हणाले. "खालच्या दलदलीतून आमच्या माणसाचा फोन आला. परवापर्यंत बेडकांचा नुसता गोंगाट होता म्हणे. आता एक नाही. एकही नाही! औषध मारलं असेल कुणीतरी वरच्या अंगाला. बरं झालं, तुमचे डोळे वेळेवर झाले."

सुनेच्या हातातला ब्रश खाली पडला. साहेबांनीच तो वाकून उचलून दिला.

"आणि ते पोपटी पाखरू?" तिनं विचारलं.

"त्याचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली. खूप काही होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर आपण वेड्यांत निघालो असतो, एवढं तिला समजत होतं.

"आता दालनाच्या मधल्या पेटीचे डोळे द्या," साहेब म्हणाले. "बाईसाहेबांचे."

५

बाईसाहेबांबद्दल सांगायला हवं. डोळ्यांच्या खोलीच्या मागच्या दाराला लागून एक मोठा पिंजरा होता आणि त्यात एक पक्षीण होती. पारव्याएवढी, मातकट, रस्त्यात दिसली तर तुम्ही वळूनही बघणार नाही. पण डोळा! बाहेरून हळदीसारखं पिवळं कडं, आत पाण्यासारखं हिरवट कडं, आणि दोन्हींच्या मधून एक विटकरी रेघ, जी बाईसाहेब रागावल्या की रुंद व्हायची. तिची जात एकाच डोंगरावर राहायची. तो डोंगर फोडून खडी केली, आणि खडी घालून सगळ्यांनी रस्ते केले. मग उरल्या या एकट्या. मधल्या पेटीत पेंढा भरून बसवली होती ती त्यांच्याच जातीतली, आधी मेलेली एक.

पिंजरेवाले काका तिच्याशी हात जोडल्यासारखे वागायचे. "बाईसाहेब, पपई आणलीय. गोड निघाली नाही तर माझ्यावर रागावू नका." आणि बाईसाहेब मान तिरपी करून त्यांचं सगळं ऐकून घ्यायच्या.

सून रोज दुपारी पिंजऱ्यासमोर बसून तो डोळा रंगवत होती. असा डोळा तिच्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता. विटकरी रेघ इतकी बारीक, की भिंगाशिवाय दिसायची नाही, पण नसती तर डोळा मेला असता. ती स्वतःच थक्क होऊन बघत बसायची, रंगवलेल्याकडंही आणि त्या खऱ्याकडंही. खरा जास्त सुंदर होता, आणि याचं तिला वाईट वाटत नव्हतं. एवढं सुंदर काहीतरी आपल्याकडं बघतंय, याचाच तिला आनंद व्हायचा.

जोडीतला पहिला डोळा पुरा झाला. दुसऱ्याची बाहुली कोरी होती. दुसऱ्या दिवशी पेटी बंद व्हायची होती.

तिनं मागचं दार लावून घेतलं. डोळा भिंगाखाली धरला, आणि या वेळी मुद्दाम बघितलं.

जाळी दिसली. तारेची चौकटी-चौकटीची जाळी, आणि जाळीपलीकडं एक लावलेलं दार. दाराचा रंग उडालेला, खालची फळी किडलेली. तिनं रोज उघडझाप केलेलं दार, पण बाहेरच्या बाजूनं. ती तर आत बसली होती.

तिनं डोळा खाली ठेवला. खोलीत कुठं जाळी नाही, खिडकीलाही नाही. मग हे प्रतिबिंब कसलं? रोज तेच दार बघतो आपण, मनात बसलं असेल. काचेत काय, माणसाला हवं ते दिसतं. बेडूक औषधानं मेले, तसं साहेबांनीच सांगितलं. आपण शिकल्यासवरलेल्या बाई, आणि थेंबभर काळ्या रंगाला घाबरतोय? उद्या पाटीवर नाव येणार, आणि आज ब्रश खाली ठेवायचा?

अर्धी भरून बघू, तिनं ठरवलं. अर्ध्यानं काही होत नाही म्हणजे पुऱ्यानंही होत नाही. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

तिनं ब्रश टेकवला. काळा रंग बाहुलीच्या अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला.

बाहेर जाळीवर धाडकन काहीतरी आदळलं.

६

"सूनबाई! अहो सूनबाई, जरा बाहेर या!" काकांचा आवाज घाबरलेला होता. "बाईसाहेब बघा कशा करताहेत!"

तिनं दार उघडलं. बाईसाहेब पिंजऱ्याच्या तळाशी होत्या आणि एकाच बाजूला गोल गोल फिरत होत्या. थांबायच्या, मान वाकडी करायच्या, जे दिसत नाही ते शोधायला परत फिरायच्या. पपईचा तुकडा पायाखाली चिरडला तरी त्यांना कळलं नाही.

"आत्ता बऱ्या होत्या हो! माझ्या हातून खाल्लं!" काका रडायच्या बेताला आले होते.

सून वाकली. दाराकडच्या बाजूचा डोळा तिच्यासमोर आला. पिवळं कडं, हिरवं कडं, मधली विटकरी रेघ, सगळं जिथल्या तिथं होतं. बाहुली मात्र अर्धीच चमकत होती. उरलेल्या अर्ध्यात काहीच नव्हतं. उजेड तिथपर्यंत जायचा आणि परत यायचा नाही.

ती आत पळाली आणि फोन लावला. नणंदेनं उचलला. "आईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, डॉक्टरांनी बोलायला बंदी—"

"द्या आधी त्यांना! पाया पडते तुमच्या!"

सासूबाईंचा आवाज आला. "कुणाचा भरलास?"

सुनेनं अजून एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

"बाईसाहेबांचा. अर्धा."

"वाळला?"

"नाही अजून."

"मग पूस."

"आई, पुसलं तर रंग ओघळेल. बुबुळावर जाईल. अख्खा डोळा जाईल हो, असा परत नाही जमायचा मला—"

मग सासूबाई म्हणाल्या, आणि त्या रागावल्या नव्हत्या, हे सुनेच्या जन्मभर लक्षात राहिलं, "माहीत आहे, पोरी. चांगला झाला असणार. पूस."

तिनं कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला. पहिल्यांदा हात पुढं होईना. नंतर झाला. काळा रंग निघाला आणि जाताना हिरवट कडं घेऊन गेला, मग विटकरी रेघ, मग हळदी कडं मातीच्या रंगाचं होऊन बोळ्यावर आलं. ती पुसत होती आणि रडत होती, आणि शिव्याही देत होती, कुणाला ते तिचं तिला ठाऊक. बाहुली परत आरपार झाली तेव्हा तिच्या हातात फक्त एक मळकी काच होती.

बाहेर काका म्हणाले, "बसल्या! बसल्या हो दांडीवर!"

तिनं डोळा भिंगाखाली धरला. जाळी दिसली. जाळीपलीकडं ते दार होतं, आता उघडं. उघड्या दारात, आतल्या उजेडात, पाठीत वाकलेलं एक मोठं काळं काहीतरी बसलं होतं, आणि त्याच्या हातात एक बारीक काडी होती. ते काय आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. मग तिनं हात वर केला, आणि त्यानंही केला.

७

सासूबाई परत आल्या त्या चष्मा लावून. नजर अशी लख्ख, की आल्या आल्या कोपऱ्यातलं जळमट दाखवून सुनेला बोल लावून झाला. मग त्यांनी बाईसाहेबांचा कप्पा उघडला आणि ती मळकी काच बराच वेळ हातात धरली.

"हा तुझा सगळ्यात चांगला डोळा," त्या म्हणाल्या.

सुनेनं मान खाली घातली. मग बेडकांचं आणि चिटुकलीचं सगळं सांगितलं. साहेबांना दोष दिला नाही, हे तिचं मोठेपण. "आई, माझ्यामुळं गेले का ते?"

सासूबाईंनी खिडकीतली वाटी उचलली, शिळं पाणी ओतलं आणि ताजं घातलं. "दलदल तू बुजवलीस? डोंगर तू फोडलास?" मग वाटी खिडकीत ठेवत म्हणाल्या, "मला नाही माहीत, पोरी. मी भरते म्हणून ते जातात, का ते जायला निघाले की माझा हात रंगाकडं जातो, मला आजवर कळलेलं नाही. कळत नाही म्हणून हात आवरते. इतकी कपाटं आहेत बघ. कधी कधी एकेक कप्पा उघडून बघत बसते. काय काय दिसतं गं! काय काय आहे अजून!"

त्यांनी एक कप्पा ओढला आणि भिंग सुनेच्या हातात दिलं. सुनेनं बघितलं. वाहत्या पाण्याच्या तळाचे गोटे, आणि त्यावर उजेडाची जाळी. दुसऱ्यात ढोलीच्या तोंडाशी मध गोळा करणाऱ्या माश्या. तिसऱ्यात कुणाच्यातरी पिल्लाचं उघडं लालबुंद तोंड, भूक भूक करणारं. ती एकामागून एक उघडत गेली. हसली, रडली, "अगं बाई!" म्हणाली, आणि जेवायची आठवण दोघींनाही राहिली नाही. एका कप्प्यात मात्र पिवळ्या रंगाचं मोठं यंत्र होतं आणि त्याच्या मागं आभाळच आभाळ. तो तिनं पटकन लावला.

साहेबांना सासूबाईंनी दालनाची मधली पेटी रिकामी ठेवायला लावली. साहेब आधी चिडले, मग त्यांना ती कल्पना इतकी आवडली, की आपल्यालाच सुचली असं ते सगळ्यांना सांगायला लागले. लोक पेटीपाशी येतात, आत काही नाही म्हणून गोंधळतात, पाटी वाचतात, 'ही अजून जिवंत आहे', आणि मागच्या पिंजऱ्याकडं धावतात. काका त्यांना ओरडून रांगेत उभं करतात. पाटीवर सुनेचं नाव नाही. तिनंच नको म्हटलं.

आता दोघी सकाळी आल्या आल्या आधी कप्पे बघतात. भिंत वाटून घेतली आहे, अर्धी एकीची, अर्धी दुसरीची. बाईसाहेबांचा कप्पा सुनेकडं असतो आणि तो ती मुद्दाम शेवटी ठेवते.

गेल्या पावसाळ्यात एकदा तिनं ती मळकी काच उचलली, तर बाहुली काळी होती. तिनं नखानं खरवडून बघितलं. रंग नव्हता. काच स्वच्छ होती, पलीकडं काळोख होता. ती किंचाळलीच. दोघी मागच्या दारानं बाहेर धावल्या, तर बाईसाहेब दांडीवर पंखात चोच खुपसून झोपल्या होत्या. काकांनी हाक मारली, "बाईसाहेब, उठता ना? पपई आणलीय." त्यांनी डोळा उघडला, हळदी, हिरवट, मधून विटकरी. सुनेच्या मुठीतल्या काचेत उजेड आला आणि जाळी दिसली.

"म्हातारपण," काका लाडानं म्हणाले. "झोप फार झालीय अलीकडं."

तेव्हापासून सून कप्पा उघडून नुसती उभी राहते. काच हातात, बाहुली काळी, आणि बाहेर काका हाका मारत असतात. सासूबाई तिचा दुसरा हात घट्ट धरतात. उजेड येतो. अजून तरी रोज येतो, पण काकांना आता जास्त हाका माराव्या लागतात.